कूलरमागचा खंड

पृथ्वी गोल आहे हे ज्याला पक्के ठाऊक नाही, त्याच्या हातात कार्यालयाचा गोल शिक्का देणे राष्ट्रहिताचे नाही. शासनाने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली आणि म्हणूनच कनिष्ठ लिपिकाच्या परीक्षेत जगाचा भूगोल आला. काही अज्ञ लोक विचारतात की, अकोल्यात बसून आवक-जावक नोंदवही लिहिणाऱ्याला परदेशातल्या सरोवरांशी काय देणेघेणे? पण उद्या एखादे पत्र सरोवराकाठून आले तर? (आजवर आलेले नाही. पण तयारी असलेली बरी.)

तेव्हा उमेदवाराला निदान इतके तरी यायलाच हवे: सर्वांत खोल सरोवर बैकल, हजार सरोवरांचा देश फिनलंड, स्वित्झर्लंडची राजधानी जिनिव्हा, मध्यरात्रीच्या सूर्याचा देश नॉर्वे आणि सर्वांत लहान खंड ऑस्ट्रेलिया. हे ज्याला येत नाही तो टपालावर तारीख उलटी मारील, अशी सर्वसाधारण भीती आहे.

चांदूर बाजारच्या आचलला हे सगळे येत होते. असे आठशे चाळीस प्रश्न तिला झोपेतून उठवले तरी पाठ असत. सात वर्षे ती अमरावतीत खोली करून परीक्षा देत होती. या सात वर्षांत तिने तेवीस जाहिरातींना अर्ज केले. त्यांपैकी चौदा परीक्षा झाल्या, सहा पुढे ढकलल्या गेल्या (अजून ढकलल्या जात आहेत) आणि तीन कुठे गेल्या ते कोणालाच माहीत नाही. येत्या अकरा जूनला तिची वयोमर्यादा संपणार होती. त्याआधी, मे महिन्यात, अकोल्याच्या एका कार्यालयातल्या एका जागेची परीक्षा होती. (कार्यालयाचे नाव देत नाही, कारण ते अजून चालू आहे.) जागा एकच होती आणि आचलची संधीही एकच. तिचे वडील पंजाबराव संत्र्याची बाग सांभाळत. ते पूर्वी दर सणाला विचारायचे, "केवा लागशीन वं नोकरीले?" गेली दोन वर्षे त्यांनी विचारणे सोडून दिले होते. आचलला त्या न विचारण्याचाच जास्त त्रास होत असे.

तिचा क्लास राजापेठेच्या मागच्या गल्लीत होता. नाव अक्षांश अकॅडमी, चालक शालिकराम सर. साठ जणांच्या हॉलमध्ये एकशे चाळीस जण बसत, त्यामुळे लोकसंख्येची घनता हा धडा वेगळा शिकवावा लागत नसे. समोरच्या भिंतीवर आठ फुटी जगाचा नकाशा होता. नकाशाला लागूनच हॉलची एकुलती एक खिडकी होती आणि खिडकीला पक्के लोखंडी गज असल्यामुळे कूलर आतच, स्टँडवर ठेवावा लागे. तो नेमका नकाशाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर येई. अमरावतीचे ऊन ज्यांनी सोसले आहे ते कूलर हलवा असे म्हणणार नाहीत. तात्पर्य, मार्च ते जून या काळात अमरावतीत दक्षिण अमेरिका नसते. जुलैत पाऊस लागला की ती पुन्हा उगवते.

सर पडले व्यवहारी गृहस्थ. एका खंडासाठी एकशे चाळीस मुलांना घामाघूम करणे त्यांना पटेना. उन्हाळी बॅचसाठी त्यांनी जगाची थोडी फेरमांडणी केली. ॲमेझॉन नदी ऐच्छिक केली. अँडीज पर्वत तोंडी सांगून टाकला. राहता राहिले टिटिकाका सरोवर, ते बिचारे उघड्यावर पडले. मग सरांच्या लक्षात आले की आफ्रिकेत टांगानिका नावाचे सरोवर आहे. टांगानिका आणि टिटिकाका! नावावरून तर सख्ख्या बहिणी. दोघींना एकाच घरी दिले म्हणजे लक्षातही राहते आणि पाहुण्यांनाही सोयीचे. सरांनी त्यावर एक युक्तिवाक्य तयार केले, आणि ते वऱ्हाडातल्या उमेदवारांच्या तोंडी बाराखडीसारखे बसले: "काका बसले टांग्यात, टीटीकाका मांगं लागले."

आचलने एकदाच हात वर केला होता. "सर, टीटी टांग्यात काहून येईन? तो तं रेल्वेत राह्यते ना?"

"ड्यूटी संपून घरी चालला तो," सर म्हणाले. "मूर्तिजापूर जंक्शनले टांगे पाह्यले नाईत का कदी?"

आचलने हात खाली घेतला आणि टांग्याचे वाक्य वहीत उतरवले. हे वाक्य पुढे सरांच्या गाइडमध्ये गेले. गाइडचे नाव 'संपूर्ण जग: पृष्ठे एकशे बारा'. चौदा आवृत्त्या निघाल्या, आणि सगळ्या उन्हाळ्यात छापलेल्या.

आता कूलर आला म्हणजे त्यात पाणी भरणे आले. अकॅडमीत ते काम पाळीपाळीने दोघादोघांकडे असे. नऊ एप्रिलला पाळी आली आचलची आणि मोर्शीच्या गजेंद्रची. पाईप टाकीपर्यंत पोचेना म्हणून दोघांनी स्टँड हातभर ओढला, आणि आचलला मागे एक अख्खा खंड सापडला. त्याच्यावर बोटभर धूळ होती. तिने ओढणीच्या टोकाने पुसले, तर पेरू आणि बोलिव्हिया यांच्या मधोमध, बारीक निळ्या अक्षरांत टिटिकाका.

"गजू, पाह्य न! हे तं अटी, दक्षिण अमेरिकेत हाय."

गजेंद्रने पाहिले. नीट, वाकून पाहिले. "हाव ना वं," एवढेच तो म्हणाला आणि पाण्याचा पाईप उचलला.

आचल सरांकडे गेली. सर रागावले नाहीत, हे त्यांच्याविषयी सांगितलेच पाहिजे. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि विचारले, "बाई, तू भूगोल शिकून राह्यली का परीक्षेचा अभ्यास करून राह्यली? दोनाईतलं एक ठरव. पेपर काढनारे आपल्याच उन्हाळी बॅचचे पोट्टे हायेत. त्याईले काका टांग्यातच मालूम हाय."

परीक्षेच्या दिवशी पंजाबराव तिला सोडायला अकोल्याला आले. केंद्राबाहेर झाडाखाली डबा घेऊन बसताना त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा परीक्षेवर तोंड उघडले. "जे खरं हाय ते लिव. मंग काई भेव नाई." भोळ्या माणसाने असा सल्ला दिला की ऐकणाऱ्याची पंचाईत होते. प्रश्न क्रमांक सदुसष्ट होता: टिटिकाका सरोवर कोणत्या खंडात आहे? चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जाणार होता. आचलने या एका प्रश्नावर चार मिनिटे घालवली. तिला टांगा दिसत होता, टीटी दिसत होता, आणि बाहेर झाडाखाली बसलेला बाप दिसत होता. तिने दक्षिण अमेरिकेचा गोल काळा केला.

आठवड्याने उत्तरतालिका आली. सदुसष्ट: आफ्रिका.

उत्तरतालिकेवर हरकत घेता येते. लोकशाहीत ही मोठीच सोय आहे. हरकत तीन दिवसांत घ्यावी, विहित नमुन्यात घ्यावी आणि सोबत प्रमाणित संदर्भग्रंथाचा पुरावा जोडावा. (पुरावा म्हणून पृथ्वी ग्राह्य धरली जात नाही, कारण ती साक्षांकित करून मिळत नाही.) आचलने कूलर सरकवून नकाशाचा फोटो काढला, छापील प्रत जोडली आणि सहीसाठी गजेंद्रकडे गेली. एकाच्या दोन हरकती झाल्या तर वजन पडेल, असा तिचा हिशेब.

गजेंद्रने अर्ज शेवटपर्यंत वाचला. "तुयं बरोबर हाय," तो म्हणाला. "मीबी तं पाह्यलं होतं ना तुयासंगं."

"मंग तू काय लिवलं?"

"आफ्रिका." त्याने मान खाली घातली. "टिटिकाका तिकडं हाय हे मले मालूम हाय. पन मार्क आफ्रिकेत हाय ना, आचल."

सही झाली नाही. आचलने एकटीनेच अर्ज केला आणि पंधरा दिवसांनी उत्तर आले. त्यात म्हटले होते की, सोबत जोडलेला नकाशा हा ग्रंथ नसून चित्र आहे. चित्रात उजव्या बाजूला कूलर दिसत असल्याने ते शैक्षणिक स्वरूपाचे वाटत नाही. संदर्भासाठी 'संपूर्ण जग' पाहिले असता पृष्ठ एकेचाळीसवर आफ्रिका असा स्पष्ट उल्लेख आढळतो. शिवाय दोन हजार नऊशे सोळा उमेदवारांपैकी दोन हजार दोनशे चार जणांनी आफ्रिका लिहिले आहे, आणि एवढ्या उमेदवारांची गैरसोय करून एक सरोवर हलवणे व्यवहार्य नाही. (दक्षिण अमेरिका लिहिणारे एकशे नऊ होते. हरकत घेणारी एक. बाकीच्या एकशे आठ जणांना वाटले, आपलेच चुकले.)

निकालात गजेंद्र पहिला आला. आचल दुसरी आली, एका गुणाने. अकरा जून येऊन गेला होता.

गजेंद्र आता अकोल्यात आवक-जावक पाहतो. रुजू झाल्यानंतर त्याच्या टेबलावर जे टपाल आले त्यात आचलचा फेरविचाराचा अर्ज होता. त्याने त्यावर गोल शिक्का मारला आणि तारीख टाकली. तारीख सरळ होती. भूगोल येणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

शालिकराम सरांनी आचलला वाऱ्यावर सोडले नाही. पंधराव्या आवृत्तीचे आणि हिवाळी बॅचचे काम त्यांनी तिच्याकडे दिले. ऑक्टोबरात, कूलर नसलेल्या नकाशासमोर ही बॅच बसली आणि एक अडचण उघडी पडली. उत्तर अंतिम झाले होते, पण भिंतीवरचा नकाशा अजून जुन्याच मताचा होता. मुलांचा गोंधळ नको, म्हणून सरांनी पांढऱ्या कागदाची पट्टी कापून आचलच्या हातात दिली. तिने ती पेरू आणि बोलिव्हियाच्या मधोमध डकवली. मग दुसऱ्या पट्टीवर सुवाच्य अक्षरात टिटिकाका लिहिले आणि ती पट्टी टांगानिकाच्या शेजारी लावली. पट्टी सरळ बसली. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटत होती, कारण पट्टी लावताना टांग्याचे ते वाक्य तिने आपसूक मनात म्हटले होते. त्या दिवशी तिने घरी फोन केला. पंजाबरावांनी सगळे ऐकून घेतले. मग समजूत घालावी म्हणून म्हणाले, "जाऊ दे, बाई. आपल्या वावरातून दोनी सारखेच दूर हायेत."

वाचकहो, आपल्याला आचलचे वाईट वाटले असेल. गजेंद्रचा रागही आला असेल. ते योग्यच आहे. फक्त एक किरकोळ बाब नोंदवून घ्यावी. या कथेच्या दुसऱ्या परिच्छेदात स्वित्झर्लंडची राजधानी जिनिव्हा असे छापले आहे. ती बर्न आहे. ज्यांना हे माहीत नव्हते ते उन्हाळी बॅचचे, त्यांना दोष नाही. ज्यांना खटकले, पण 'छापलंय म्हणजे आपलंच चुकत असेल' असे वाटले, ते एकशे आठांतले. आणि ज्यांना पक्के ठाऊक होते, पण 'आपल्याला काय करायचंय' म्हणून जे पुढे वाचत राहिले, त्यांच्यासाठी गजेंद्रच्या शेजारचे टेबल रिकामे आहे. विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झालेली नाही. सबब उत्तर जिनिव्हा, अंतिम.