बोर्डाचा उंबरा

दाजी मास्तर शाळेच्या पायरीशी आले की उपरण्याच्या ओल्या टोकाने कपाळावरचं गंध पुसत आणि मगच आत पाऊल टाकत. शाळा सुटली की घरी जाऊन पुन्हा लावत. घरी त्यांची पूजा तासभर चाले, त्यामुळे त्यांना नास्तिक म्हणण्याचीही सोय नव्हती. कोणी विचारलंच तर म्हणत, "बोर्डाचा उंबरा हो हा. देवाने बाहेर थांबायचं."

रत्नागिरीच्या त्या बोर्डाच्या, म्हणजे सरकारी, शाळेत मी त्यांच्या हाताखाली दुय्यम शिक्षक होतो. गुडघे धरलेले, त्यामुळे उठताना माझ्या तोंडून "अरे देवा" निघे. मास्तर नुसतं दाराकडे बोट दाखवत. शेवटी मी "आई गं" म्हणायला शिकलो. आईला बोर्डाची हरकत नव्हती. अंकगणिताच्या पुस्तकात भटजीला मिळणारे सात नारळ मास्तर परस्पर वाण्याला देऊन टाकत. उत्तर तेच येई.

त्या सुमारास शाळांत धर्म शिकवावा की नाही, यावर गावात रोज वाद झडत. एक दिवस शाळा कमिटीतले एक बडे आंबा बागाईतदार आले आणि आठवड्याला धर्माचा एक तास ठेवाच म्हणून बसले. मास्तरांनी लगेच होकार दिला. मी चाटच पडलो.

"कोणता धर्म घेऊ?" मास्तरांनी विचारलं.

"आपला. आणखी कोणता?"

"मग वर्गात चला नि यांतली आपली पोरं कोणती ती बोटाने दाखवा. बाकीच्यांना त्या तासाला कुठे बसवू, तेही सांगा."

वर्गात बंदरावरच्या मुसलमानांची मुलं होती, भंडाऱ्यांची होती, आणि मास्तरांनी नुकतीच पडवीतून आत घेतलेली महारवाड्यातलीही होती. बागाईतदारांनी निघताना बराच वेळ छत्री शोधली. ती त्यांच्या काखेतच होती.

गावाला असं गप्प करणाऱ्या मास्तरांचं घरी मात्र काही चालत नव्हतं. दसऱ्याआधी शाळेत पाटीपूजन होई, आणि त्यांच्या पत्नी माई पातेलंभर खिरापत करून आणत. खोबरं, खारीक, खसखस, गूळ. माईंना मूलबाळ नव्हतं. त्या एका दिवशी शाळेतली सगळी मुलं त्यांची असत. सगळी म्हणायची आपली. मुसलमानांच्या मुलांना दुपारीच सुट्टी मिळे, आणि महारवाड्यातल्या मुलांच्या ओंजळीत माई वरून टाकत. मास्तरांनी पाटीपूजन बंद केलं ते यासाठी. खिरापतीला त्यांची ना नव्हती. फक्त नैवेद्य दाखवलेली नको, म्हणजे मुसलमानांची मुलंही खातील, आणि द्यायची ती प्रत्येकाच्या हातात. माईंना या दोन्ही गोष्टी मरणाहून अवघड होत्या.

पूजन बंद झालं त्या वर्षी माईंनी सवयीने पातेलंभर खिरापत केलीच. मास्तर मला म्हणाले, "चार दिवस दोघं खातोय. संपत नाही हो." मला आधी हसू आलं. मग त्यांच्याकडे बघून फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, वर्ग चालू असताना, माई पातेलं घेऊन शाळेच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. मास्तर लगबगीने बाहेर गेले, मागोमाग मी.

"नैवेद्य दाखवलास?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. उरली तर मागाहून दाखवीन."

देवाच्या आधी घरात कुणाला घास न देणारी ती बाई. मास्तर बाजूला झाले.

मुलं ओळीने आली. महारवाड्यातला पहिला मुलगा समोर आला तसा माईंचा हात सवयीने वर गेला आणि तिथेच थांबला. मुलाने ओंजळ धरलेली होती. मास्तर दुसरीकडेच बघू लागले. मग तो हात खाली आला, मुलाच्या तळव्याला टेकला, आणि नंतर कुणापाशी अडला नाही.

पातेलं रिकामं झालं. मास्तरांनी आत वाकून पाहिलं.

"अगो, देवाला काहीच उरली नाही."

"जेवला तो," माई म्हणाल्या.

 मास्तरांनी पातेलं उचललं आणि माईंच्या मागोमाग घरी चालू लागले. शाळा सुटायला अजून तासभर होता.