एक काडी, एक माणूस

दस्तगीर मास्टरांच्या खिशात कायम काडेपेटी असे, पण त्यांना विडी ओढताना कुणी पाहिलेलं नाही. ती काडेपेटी माणसं मोजायला होती. मातीची माणसं. दिवाळीच्या किल्ल्यासमोर ते उकिडवे बसत, एक काडी काढून मावळ्याच्या शेजारी उभी धरत आणि निकाल देत, "एक काडी म्हंजे एक माणूस. ह्यो सव्वा काडी हाय. दरवाजातनं आत जाणार कसा? रांगत?"

आणि खरोखरच तो मावळा उचलून किल्ल्याच्या दरवाजातून घालून बघत. अडकला की मार्क कापत.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. नव्या कचेरीसाठी आम्हा कारकुनांना चहूकडून गोळा केलं होतं. मी नांदेडहून आलो. टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. आमचे साहेब साताऱ्याकडचे. त्यांनी पहिल्याच दिवाळीला कॉलनीत किल्ल्यांची स्पर्धा लावली. आमच्याकडे या किल्ल्यांचं फारसं प्रस्थ नव्हतं, पण साहेबांनी म्हटल्यावर दारोदारी किल्ले उगवले. नावं मुलांची आणि चिखलात बसलेले बाप. परीक्षक म्हणून इतिहासाचे एक गुरुजी ठरले होते, तर त्यांचा सख्खा भाचाच स्पर्धेत निघाला. मग कचेरीतल्या शिपायानं गंजगोलाईच्या बाजारातल्या दस्तगीर मास्टरांचं नाव पुढं केलं. मास्टर टेलर होते आणि फक्त खाकी शिवायचे. पोलीस, कंडक्टर, शिपाई, सगळ्यांचे गणवेश त्यांच्याच मशीनवरचे. "वर्दीतलं त्यांला समदं कळतंय," शिपाई म्हणाला. साहेबांना वाटलं, म्हातारा चार शब्द कौतुकाचे बोलेल, नारळ घेईल आणि जाईल.

म्हातारा तीन तास हलला नाही.

बाजारच्या मावळ्यांना कुणीतरी हौसेनं सोनेरी बटणं रंगवली होती. मास्टरांनी कपाळाला हात लावला. "त्या टायमाला बटण कुठलं आलं? बंद असत्यात, बंद! गाठ मारायची!" मग ते हेडक्लार्कांच्या किल्ल्याकडे वळले. तिथं सगळ्या मावळ्यांच्या तलवारी उजव्या कमरेला होत्या. साचाच उलटा असणार.

"समदी फौज डावखुरी हाय का?" मास्टरांनी विचारलं.

"आहे!" हेडक्लार्क चिडून म्हणाले.

"सबूत दाखवा."

हे त्यांचं पालुपद होतं. गिऱ्हाईक म्हणालं की पॅन्ट कमरेत घट्ट होतेय, तर मास्टर म्हणत, "सबूत दाखवा," आणि त्याला दुकानात दहा उठाबशा काढायला लावत. पॅन्ट टिकायची, गिऱ्हाईक दमायचं.

किल्ला सोडताना त्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असे. "एवढी फौज हाय, तोफा हायेत. ह्यांला पाणी कोण पाजतंय? भिस्ती कुठंय?" पाण्यानं भरलेली कातड्याची मशक पाठीवर घेऊन फौजेमागं चालणारा तो भिस्ती. बाजारात राजा मिळे, मावळा मिळे, वाघ मिळे, टोपलीवाली भाजीवालीसुद्धा मिळे. भिस्ती काही कुणी करत नसे. त्यामुळे प्रत्येकाचे दोन मार्क हमखास जात. पहिल्या वर्षी आम्हाला दहापैकी तीन मिळाले. माझ्या बायकोनं मास्टरांचं नाव घेऊन दोन दिवस भांडी आपटली.

पुढच्या वर्षी पावसानं दगा दिला. दिवाळीतच कॉलनीत टँकर यायला लागला. स्पर्धा रद्दच व्हायची, पण साहेबांनी तोडगा काढला, की माती भिजवायची ती वापरलेल्या पाण्यात. त्या साली सगळ्या किल्ल्यांना साबणाचा वास होता. पहिलं बक्षीस होतं झाकणाचं स्टीलचं पिंप. टँकरच्या दिवसांत पिंप! माझ्या बायकोचा त्यावर डोळा होता. "यंदा तो भिस्ती कराच," ती म्हणाली. "दोन मार्क फुकट घालवायचे नाहीत."

भिस्ती दिसतो कसा, हे विचारायला मी मास्टरांच्या दुकानात गेलो. निमित्ताला खाकी पॅन्टचं कापड नेलं. मशीनच्या वर एक जुना फोटो टांगलेला होता. निजामाच्या वेळची पलटण, दोन रांगांत अठरा शिपाई. मी फोटोकडे बघतोय असं दिसताच मास्टरांनी कात्री खाली ठेवली.

"तिसऱ्याचं वरून दुसरं बटण तुटलंय. सातव्यानं पायाची पट्टी उलटी गुंडाळली. बाराव्याची वर्दी त्याची न्हाईच, मागून आणलेली हाय. खांदा बघा की, किती उतरलाय."

"मास्टर, इतकं बारीक कुणी बघतं का?"

"मी ह्यांला बघतच नव्हतो, साहेब. दुसऱ्याला हुडकत होतो. हुडकता हुडकता हे समदे पाठ झाले."

त्यांनी फोटोच्या उजव्या कडेला बोट ठेवलं. तिथं, अगदी चौकटीला लागून, एक हात दिसत होता. नुसता हात. त्यात मशकीचं तोंड धरलेलं.

"हे आमचे अब्बा. फौजेत भिस्ती होते. फोटोवाला म्हणला असंल, बाजूला सरका. सरकले. जरा कमी सरकले, म्हणून हात तरी ऱ्हायला."

"दुसरा फोटो?"

"न्हाई. भिस्त्याचा फोटो कोण काढतंय? मी सहा वर्षांचा होतो तवा गेले. चेहरा याद न्हाई, साहेब. लई बार आठवून बघितलं."

मला फार वाईट वाटलं. पॅन्टचं माप न देताच मी घरी आलो.

बायकोला सगळं सांगितलं. त्यानंतर तिनं पिंपाचं नाव काढलं नाही. डाळ धुतलेल्या पाण्यात माती मळून ती स्वतःच बसली. आधी मशक केली, चांगली टम्म भरलेली. त्या साली रिकामी मशक करायचं तिच्या जिवावर आलं. मग ती मशक पेलेल असा माणूस केला. साहजिकच तो दांडगा झाला. हात मी फोटोतल्यासारखा करवून घेतला, अंगठा मशकीच्या तोंडावर दाबलेला. चेहऱ्यापाशी मात्र आम्ही अडलो.

"त्यात काय?" बायको म्हणाली. "नाक मास्टरांचं लावू."

स्पर्धेच्या दिवशी मास्टर आले. हेडक्लार्कांनी सगळ्या तलवारी खरवडून डाव्या कमरेला चिकटवल्या होत्या. त्यांना आठ मिळाले. मग मास्टर आमच्या किल्ल्यासमोर उकिडवे बसले आणि भिस्ती दिसताच पुढं वाकले. काडी काढून त्याच्या शेजारी धरली.

"दीड काडी. नापास." मग भिस्त्याच्या हातावर हलकेच बोट ठेवून म्हणाले, "हात बरोबर हाय." बोट वर सरकलं. "ह्या नाकाला सबूत काय?"

"तुमच्या तोंडावर आहे की, चाचा," बायको म्हणाली.

मास्टरांचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला. कॉलनी हसली. ते हसले नाहीत. कागदावर आमच्या नावापुढे सात लिहिले आणि पुढच्या किल्ल्याकडे गेले. पिंप हेडक्लार्कांच्या घरी गेलं. बायकोनं त्या दिवशी एकही भांडं आपटलं नाही.

दिवाळी झाल्यावर मी तो भिस्ती कागदात गुंडाळून दुकानात नेऊन दिला. मास्टरांनी तो बाजूला ठेवला आणि माझं राहिलेलं पॅन्टचं माप घेतलं. आठवड्यानं पॅन्ट आणायला गेलो, तर फोटोच्या उजव्या कडेला एक छोटी फळी ठोकलेली होती. जिथं फोटो संपतो, तिथून पुढं भिस्ती उभा होता.

मला चेष्टा केल्याशिवाय राहवेना. "मास्टर, दीड काडी आहे. तुम्हीच नापास केला होता."

"किल्ल्यावर नापासच हाय," मास्टर म्हणाले. त्यांनी फडक्यानं मशकीवरची धूळ झटकली आणि भिस्त्याला जरासं आणखी फोटोच्या जवळ सरकवलं.

"पर मी सहा वर्षांचा होतो, साहेब. मला अब्बा तेवढेच उंच दिसायचे."