कॅमेऱ्याची खंडेनवमी

आमच्या घराण्यात सूर्योपासनेची मोठी परंपरा आहे. म्हणून फाटकावरच्या सौर कॅमेऱ्याची निगा राखण्यास म्हैसुरात माझ्याइतका अधिकारी पुरुष दुसरा नाही, असे मी दसऱ्यापर्यंत सर्वांना ऐकवीत असे!

हा कॅमेरा आमच्या चिरंजीवांनी, अनुरागने, पुण्याहून येऊन बसवला. तो उन्हावर चालतो आणि जे पाहतो ते थेट पुण्यास कळवतो. जाताना अनुरागने मला समोर बसवून बजावले, "बाबा, वरची सौर पट्टी लांब दांड्याच्या फडक्याने पुसायची. भिंगाला हात लावायचा नाही. शिडीवर तर चढायचंच नाही! कॅमेरा बंद दिसला, की मी निघालो. तुम्हा दोघांना पुण्याला घेऊन जाणार!"

हे शेवटचे वाक्य काळजात रुतले. पुण्यातील त्याच्या घरी सूर्यनारायण समोरच्या इमारतीच्या काचेतून परस्पर दर्शन देतात. अर्घ्य द्यावे ते बिंबाला की प्रतिबिंबाला, या विवंचनेत मी तेथे एक पंधरवडा काढला आहे. म्हैसूरच्या कुवेंपुनगरातले हे अंगण सुटणार, या कल्पनेनेच मला घाम फुटे. परिणामी मी त्या पट्टीला देवघरातील समईपेक्षा अधिक जपत होतो.

अशात खंडेनवमी आली. इकडे तिला आयुधपूजा म्हणतात. वर्षभर जे जे राबते, त्याला त्या दिवशी गंध-फूल मिळते आणि विश्रांतीही. आमची स्कूटर, मिक्सर, विळी, सारी पूजेला बसली. ग्रंथांच्या शेजारी आम्हां उभयतांचे मोबाइल बंद करून झेंडूखाली ठेवले. विजयादशमीपर्यंत त्यांना स्पर्श नाही!

मग माझी दृष्टी फाटकावर गेली. अहोरात्र जागणारा तो एकटाच उपेक्षित!

"अहो, शिडी आणू नका," आमची सौ. विभावरी म्हणाली. "अनुरागने काय सांगितलंय?"

"त्याने कामासाठी शिडी वर्ज्य केली आहे. पूजेसाठी नव्हे!"

यावर तिने एका हाताने शिडी आणि दुसऱ्या हाताने माझे धोतर धरले. वर चढल्यावर प्रश्न पडला, कॅमेऱ्याचे कपाळ कोणते? मला जे कपाळ वाटले, तेथे मी भक्तिभावाने ओले कुंकू लावले. तो डोळा होता, हे मागाहून कळले. माळ तर अशी भरघोस घातली, की दसऱ्याच्या हत्तीने मागून न्यावी! ती सौर पट्टीवर मावेना. म्हणून दोन वेढे दिले.

संध्याकाळी शेजारचे गोपाळराव आले. यांचे पूर्वज रंगारी, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात. फाटकासमोर दृष्टीचा कोहळा फोडण्याचा मान दरवर्षी त्यांचा. कुंकू भरलेला कोहळा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून ते उभे राहिले. त्यांच्यापुढे मी वाकून कापूर पेटवीत होतो; वाऱ्याने तो पेटेना.

"अय्यो शास्त्रीबुवा, बेग सरका, लवकर! हात भरून आले!"

मी सरकलो. कोहळा फुटला. फाटकासमोर लालच लाल झाले!

आम्ही तिघे हातपाय धुऊन पायस खायला बसणार, तोच दारात मोटारसायकल थांबली. हवालदार! त्याने रस्त्यावरचा लाल सडा पाहिला, गोपाळरावांचे कोपरापर्यंत माखलेले हात पाहिले आणि कानडीत गरजला, "कुणाला मारलं?"

"मारलं खरं स्वामी," गोपाळराव हात जोडून म्हणाले, "पण कोहळ्याला!"

हवालदाराच्या मोटारसायकललाही झेंडूची माळ होती. त्याला क्षणात उमगले. त्याने आपला फोन माझ्या कानाला लावला.

"बाबा! तुम्ही ठीक आहात ना?" अनुराग पलीकडून ओरडला. "मला सगळं लाल दिसलं! तुम्ही वाकलेले, मागे कुणीतरी डोक्यावर दगड उचललेला, आणि मग अंधार! आईचा फोन बंद, तुमचा बंद! शेवटी तिकडच्या पोलिसांना कळवलं!"

"ते पूजेत आहेत."

"कोण?"

"फोन."

"आणि कॅमेरा?"

"तोही." मी नम्रपणे माळेचा वृत्तान्त निवेदन केला.

"म्हणजे दिवसभर ऊनच मिळालं नाही त्याला! चार्ज संपला! बाबा, मी उद्या येतोय. सामान बांधा!"

अंगण, अर्घ्य, सारे डोळ्यांपुढून निघाले. तोच विभावरीने फोन घेऊन स्पीकरवर टाकला.

"बांधते हो. पण आधी सांग, तुझ्या इमारतीत असं झालं असतं तर कोण धावलं असतं? इथे हवालदार उभे आहेत. गोपाळराव उपाशी उभे आहेत. समोरच्या सिंधूबाई लाटण्यासकट आल्यात!"

मग अनुराग हळूच म्हणाला, "बरं, राहा तिथेच. पण आई, बाबांनी माळ घातली कशी? शिडीवर चढून?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. हवालदारानेही. मी आकाशाकडे पाहिले. पण सूर्यास्त होऊन गेला होता, तिकडूनही साहाय्य नव्हते.

सामान बांधावे लागले नाही. मात्र आठवडाभरात अनुरागने कारागिराकरवी दुसरा सौर कॅमेरा बसवून घेतला. तो फाटकाकडे पाहत नाही; शिडीकडे पाहतो! फडक्याचा दांडा पोहोचू नये इतक्या उंचावर त्याची पट्टी आहे, आणि तिच्यावर धूळ साचू लागली आहे.

सध्या मी रोज सकाळी अर्घ्य दिल्यावर खाली उभा राहून फुंकर मारतो.