नाक हरवलेल्या हरणांची मालिका

एका जंगलात टीव्ही होता.

जंगलात वीज कुठून आली असं लगेच विचारू नका, बाळांनो. सिंहाच्या गुहेत आली होती आणि तिथून एक वायर बाहेर आली होती, एवढं तुम्हाला पुरे. पाणवठ्याजवळच्या मोठ्या शिळेवर पडदा लावला होता आणि त्यावर दिवसभर मालिका चालायच्या. वाहिनीचं नाव वनवाहिनी. सगळं रान तिथेच चरायचं, तिथेच रवंथ करायचं आणि तिथेच रडायचं.

त्याच जंगलात साळूमावशी राहायची. ती जातीची साळिंदर, अंगभर काटे. एका जुन्या बिळात तिनं चाळीस वर्षं वाचनालय चालवलं होतं. तशी प्रेमळ होती बिचारी, पण पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की तिचे काटे उभे राहायचे.

तिच्या वाचनालयाचा एक रिवाज होता. नीट ऐका, चुळबुळ नको. वाचता वाचता जिथे थांबून विचार करावासा वाटेल, तिथे वाचणाऱ्यानं पंजा शाईत बुडवून समासात ठसा उमटवायचा. ज्याला खूर असेल त्यानं खूर. म्हणजे पुढच्या वाचकाला कळावं की इथे आपल्याआधी कुणीतरी थबकलं होतं. कल्पना झकास होती. फक्त चाळीस वर्षांत कुठल्याही पुस्तकात एकही ठसा पडला नव्हता. दौतीतली शाई वाळायची, मावशी परत भरायची. पुस्तकं न्यायचे सगळे, पण कुणी उशाला घ्यायला, कुणी पिल्लाला उंच बसवायला.

मावशीची एक जिवाभावाची मैत्रीण होती. मोगरी तिचं नाव, चितळ हरिणी. रोज सकाळी ती बिळाच्या तोंडाशी यायची आणि मावशीला वाऱ्याच्या बातम्या सांगायची. टेकडीमागे बिबट्या झोपलाय, नाल्यात रानडुकरं उतरलीत, महाराज आज गुहेबाहेर पडलेत. मोगरीसारखं नाक अख्ख्या रानात नव्हतं. तिच्या भरवशावर सगळा कळप मान खाली घालून चरायचा.

एके दिवशी मोगरी आली ती कावलेलीच. म्हणाली, मेलं दर दोन मिनिटांनी नाक वर करून वारा घ्यावा लागतो, आणि नेमकं त्याच वेळी मालिकेत सासू सुनेच्या कानाखाली वाजवते. काल पुन्हा हुकलं.

"असं एखादं यंत्र पाहिजे बघ मावशी," ती म्हणाली. "गळ्यात बांधायचं. सिंह जवळ आला की आपोआप वाजेल. मग कशी निवांत मालिका बघता येईल."

साळूमावशीचे काटे उभे राहिले.

का राहिले ते सांगतो. मावशीच्या वाचनालयात एक कादंबरी होती, एका म्हाताऱ्या कासवानं सावकाश साठ वर्षं घेऊन लिहिलेली. विज्ञान कादंबरी. तिच्या पहिल्याच पानावर एक हरीण हेच म्हणतं, जवळजवळ याच शब्दांत. मग पुढच्या काळातली हरणं गळ्यात वासाची घंटा बांधतात. घंटा हुंगते, हरणं चरतात. तीन पिढ्यांनी हरणांची नाकं नुसती शोभेची उरतात. आणि मग कळतं की घंटा सगळ्यांच्या वासाला वाजते, फक्त ज्यानं ती बनवली त्याच्या वासाला वाजत नाही. शेवटच्या पानावर एक म्हातारी हरिणी घंटा काढून ठेवते आणि मातीला नाक लावते. तिला वास येतो की नाही, ते कासवानं लिहिलेलं नाही. मावशी त्या पानाशी दर वेळी रडायची.

तिनं कादंबरी मोगरीपुढे ठेवली. हे वाच, तुझ्यासाठीच लिहिलंय, असं कळवळून सांगितलं. मोगरीनं जाडी बघितली आणि जिभेनं नाक चाटलं. एवढं कोण वाचणार, यावर मालिका आली की मात्र मी एक भाग चुकवणार नाही, असं तिनं मावशीला मनापासून वचन दिलं. खोटं नव्हती बोलत ती. वचन पाळलंही तिनं.

मग काय, दुसऱ्या दिवशी मावशी वनवाहिनीच्या कचेरीत हजर. तिथले साहेब म्हणजे कोल्हेसाहेब. तेही योगायोगानं डोकं धरूनच बसले होते. शेजारच्या जंगलानं एक गंभीर मालिका काढली होती आणि तिला बक्षीस मिळालं होतं. तेव्हापासून महाराजांनी धोशा लावला होता की आपल्याकडेही काहीतरी विचार करायला लावणारं काढा. विचार कुठे मिळतो ते कोल्हेसाहेबांना ठाऊक नव्हतं. मावशीला बघून त्यांचा जीव भांड्यात पडला.

मावशीनं तीन कादंबऱ्या नेल्या होत्या. मालिका करायच्या लायकीच्या का आहेत, ते प्रत्येकीबरोबर सुवाच्य अक्षरात लिहून नेलं होतं. पहिली होती मुंग्यांची. सगळ्या मुंग्यांची आठवण एकाच वारुळात साठवली, तर कुठली मुंगी कुठली, अशी. कोल्हेसाहेब म्हणाले, मुंग्या पडद्यावर दिसत नाहीत. दुसरी चंद्रावर एकट्यानं वाढणाऱ्या वडाची. त्यात दोनशे पानं कुणी बोलतच नाही म्हटल्यावर त्यांनी ती नखाच्या टोकानंच बाजूला सारली. तिसरी हरणांची. ती त्यांनी हातात धरली, कारण हरणं दिसायला बरी असतात.

"पण मंजुरी महाराजांची लागते," कोल्हेसाहेब म्हणाले. "पुस्तक गुहेत पाठवतो."

मावशी घरी आली. महाराज कशाला वाचतायत, असं तिला वाटत होतं. आठ दिवसांनी पुस्तक परत आलं. मावशीनं ते उघडलं. समासात ठसे होते. चांगले रुंद, चार चार बोटांचे, शाईनं थबथबलेले. एक नाही, दोन नाही, एकोणीस.

बाळांनो, चाळीस वर्षं दार उघडून बसलेल्या बाईच्या घरी पहिला पाहुणा यावा, तसं झालं तिचं. तिनं ठसे मोजले. पुन्हा मोजले. शेजारच्या घोरपडीला बोलावून दाखवले. आपला राजा एकोणीस ठिकाणी थांबला, एकोणीस ठिकाणी त्यानं विचार केला, असं ती रानभर सांगत सुटली. आनंदानं पुस्तक छातीशी धरून झोपली, काटे असूनसुद्धा. फक्त एक गोष्ट तिनं केली नाही. ठसे कुठल्या पानांवर आहेत, ते बघितलं नाही.

मालिका सुरू झाली. नाव ठेवलं ‘घंटा माझ्या सौभाग्याची’. माकडानं दिग्दर्शन केलं. कादंबरीतल्या म्हातारीच्या जागी एक तरुण हरिणी आली, तिला एक दुष्ट जाऊ आली आणि तिच्या लग्नात नवऱ्यानं तिच्या गळ्यात वासाची घंटा बांधली. दर भागाच्या शेवटी कुणीतरी दबा धरून बसायचं आणि घंटा वाजून नायिका वाचायची. दबा धरणारा कधी लांडगा असायचा, कधी बिबट्या. सिंह कधीच नसायचा. शेवटचं पान गाळलं, कारण प्रेक्षकांना प्रश्न आवडत नाहीत, असं माकडाचं म्हणणं पडलं.

मावशी कचेरीत जाऊन भांडली. कथेचा जीवच काढलात, म्हणाली. कोल्हेसाहेबांनी तिला बसवलं, गार पाणी दिलं आणि श्रेयनामावलीत तिचं नाव बारीक अक्षरात दाखवलं. थोडा बदल करावा लागतो, पण मूळ विचार लोकांपर्यंत पोचतोय ना, असं विचारलं. मावशीनंही मनाची समजूत घातली. निदान पोचतोय तरी.

पोचला खराच. महिन्याभरात गुहेतून पाटी भरभरून घंटा बाहेर आल्या. खऱ्या. वासाच्या. महाराजांतर्फे समस्त हरिणवर्गाला प्रेमाची भेट. मालिकेतल्या नायिकेच्या घंटेवर होती तशीच नक्षी. झुंबड उडाली नुसती.

पाच-सहा दिवस मोगरी सकाळची आली नाही. मावशीच तिला शोधत पाणवठ्यावर गेली. मोगरी पडद्यासमोर पहिल्या रांगेत बसली होती आणि तिच्या गळ्यात घंटा होती. म्हणाली, कालच लांडगा आला तर घंटा घणघणली, तुझ्या कासवानं काय डोकं लावलंय गं, मी सगळ्यांना सांगते की मूळ पुस्तक आमच्या मावशीकडचं. मावशी तशीच मागे फिरली, बिळात आली आणि तिनं कादंबरी उघडली.

आता तिनं ठसे कुठे आहेत ते बघितलं.

पहिला ठसा, घंटा कशी बनवतात त्या परिच्छेदाला. दुसरा, ती हुंगते कशी त्याला. तिसरा, हरणं ती आपणहून बांधतील असं काय करावं, त्याला. असे अठरा. एकोणिसावा सगळ्यात ठसठशीत होता. बनवणाऱ्याच्या वासाला घंटा वाजत नाही, त्या ओळीवर. त्याखाली नखानं लिहिलं होतं, ‘फार सुंदर’. म्हातारीच्या शेवटच्या पानाचा समास मात्र कोरा होता.

मावशी धावली. साळिंदर ते, धावणार किती. भर दुपार होती, मालिका ऐन रंगात आली होती आणि पाणवठ्यामागचं गवत हलत होतं. मावशीनं काटे खडखडवले, जिवाच्या आकांतानं खडखडवले. पुढच्या दोन हरणांनी वळून तिला शू केलं.

"मोगरे, ऊठ," मावशी म्हणाली. "नाक वर कर. वारा घे."

मोगरीनं मैत्रीखातर पडद्यावरची नजर न काढता नाक वर केलं. नाक अजून शाबूत होतं तिचं, तीन पिढ्या थोड्याच झाल्या होत्या.

"येतोय गं वास," ती म्हणाली. "महाराजांसारखाच येतोय. पण घंटा कुठे वाजली? भास असेल. थांब जरा, आता जाऊ विष कालवतेय."

मावशीनं तिला तोंडानं ओढायला पाहिलं, पण त्याच क्षणी गवत दुभंगलं.

घंटा वाजली नाही. तो भाग संपेपर्यंत कळप जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत मोगरीची जागा रिकामी होती. शेजारची हरिणी सरकून तिथे बसली, कारण तिथून पडदा चांगला दिसतो.

मावशी आठ दिवस बिळाबाहेर आली नाही. शेवटच्या पानाशी बसून राहिली. नवव्या दिवशी गुहेतून चिठ्ठी आली. महाराजांनी लिहिलं होतं की गंभीर विज्ञान कादंबऱ्यांचे ते आता निस्सीम चाहते झाले आहेत, आपल्या शिफारशीबद्दल रान आपलं ऋणी आहे, आणि ती एकाच वारुळात सगळ्यांची आठवण साठवण्याची कादंबरी तेवढी सवडीनं पाठवून द्यावी.

मावशीनं मुंग्यांची कादंबरी उचलली, बिळाच्या तळाशी खोल खड्डा केला आणि पुरली. मग शाईची दौत त्यावर उपडी केली आणि वाचनालयाचं तोंड आतून मातीनं बुजवलं. बाहेर पाणवठ्यावर हळहळ व्यक्त झाली म्हणतात. रानात वाचनसंस्कृती उरली नाही, असं महाराज स्वतः म्हणाले.

तात्पर्य : विचार करायला लावणारी पुस्तकं हल्ली कुणी वाचत नाही, असं उगाच रडू नये. ज्याला गरज असते तो बरोबर वाचतो, खुणा करून वाचतो. बाकीच्यांसाठी मालिका असतेच.