चौगुल्यांची मधमाशी

आमच्या ऑफिसात कुणाचं डोकं दुखायला लागलं तर बाकीचे लोक गोळी सुचवतात, चौगुले पॉडकास्ट सुचवतात.

"मॅडम, चेहरा लई उतरलाय तुमचा. शुक्र ग्रहावरचा एक भाग हाय, तो ऐका. तिथला एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतोय. आपला सोमवार काय घेऊन बसलायसा!"

आता मला सांगा, सप्लायरनं माल पाठवलेला नाही, वरून साहेबांचा फोनवर फोन येतोय, अशा वेळी शुक्रावर दिवस मोठा असला काय आणि लहान असला काय, मला काय त्याचं? पण हे चौगुल्यांना सांगायची सोय नाही. सांगितलं की ते खुर्ची ओढून बसतात आणि तो शुक्र पदरात घातल्याशिवाय उठत नाहीत.

चौगुले म्हणजे आमच्या फाउंड्रीचे स्टोअर इनचार्ज. मी परचेसमध्ये, म्हणजे मी मागवायचं आणि त्यांनी ठेवून घ्यायचं, असा आमचा वर्षानुवर्षांचा संसार. फाउंड्री शिरोलीच्या एमआयडीसीत. भट्टीवरचा माणूस हातमोजे मागायला स्टोअरला गेला की चौगुले हातमोजे शोधता शोधता त्याला रोमन लोकांचे रस्ते सांगायला सुरुवात करतात. माणूस दार गाठेपर्यंत रस्ते संपलेले नसतात. एकदा एक मोल्डर परत आला आणि मला म्हणाला, "मॅडम, दोन जोड जास्तीच मागवून आमच्याकडं ठेवा की. सारखं सारखं रोमला जायला जमत न्हाय."

बरं, माणूस पॉडकास्ट दीडपट वेगानं ऐकतो, त्यामुळं बोलतोही दीडपट वेगानं. एखादा मुद्दा संपला की भुवया वर करून "काय?" म्हणून थांबायचं. त्या 'काय'ला उत्तर द्यावं लागतं. नुसतं "हं" चालत नाही.

आगीत तेल ओतलं ते आमच्या एचआरच्या पोरीनं. नवीन होती, उत्साही होती. तिनं 'ज्ञानकट्टा' नावाचा ग्रुप काढला. दर शनिवारी चहाला प्रत्येकानं आपला आवडता माहितीपूर्ण पॉडकास्ट बाकीच्यांना सुचवायचा, म्हणजे कर्मचाऱ्यांचं कुतूहल वाढेल. डिस्पॅचच्या शिंद्यांनी आपल्या मेव्हण्याचा पॉडकास्ट सुचवला. विषय पांढऱ्या रश्श्याचा इतिहास. त्यात इतिहास कमी आणि मेव्हण्याच्या हॉटेलचा पत्ता जास्त होता. क्वालिटीच्या देसाई मॅडमनी आरोग्यावरचा सुचवला. तो ऐकून निम्म्या ऑफिसनं साखर सोडली, उरलेल्या निम्म्यांनी देसाई मॅडमशी बोलणं सोडलं. मी बागकामाचा सुचवला. मी स्वतः तो ऐकलेला नव्हता, पण बागकामाला कोण नावं ठेवणार?

चौगुल्यांना मात्र या ग्रुपमुळं रानच मोकळं झालं. शनिवारची वाट कोण बघतोय! रोज सकाळी सात वाजता लिंक. खाली सूचना, "नाष्ट्याच्या आधी ऐकणे." आणि चहाला तोंडी परीक्षा.

"ऑक्टोपसचा ऐकलासा?"

"ऐकला की."

"मग काळजं किती असत्यात त्याला?"

सगळे कपात बघायचे. शेवटी चौगुलेच सांगायचे, तीन. आणि मग हळूच विचारायचे, "पण ऐकून तुम्हाला काय वाटलं?" हा त्यांचा खरा प्रश्न असायचा. ज्ञान त्यांच्याकडं ढीगभर होतं. ऐकलेलं कुणाशी तरी बोलायला मिळावं, एवढीच त्या माणसाची भूक होती आणि तेवढंच आम्ही कुणी देत नव्हतो. आम्हाला कंटाळा यायचा. खोटं कशाला बोला?

मग लोकांनी उपाय शोधला. लिंकवरचं चित्र बघायचं आणि अंदाजपंचे बोलायचं. चित्रात किल्ला असला तर "काय तो काळ होता!", चित्रात मासा असला तर "निसर्गापुढं माणूस काय हो!" शिंदे यात पटाईत. ते प्रत्येक भागाला "शेवट लई भारी" म्हणायचे. चौगुले खूश व्हायचे, चहा लवकर आटपायचा, सगळ्यांचं भलं.

आणि एक दिवस मधमाशी आली.

सकाळी सात वाजता लिंक आली. वर मधमाशीचं चित्र, खाली नेहमीची सूचना नाही. चहाच्या वेळी चौगुले स्टोअरमधून यायच्या आधीच शिंद्यांनी ग्रुपवर टाकून दिलं होतं, "मधमाशीवर इतकं मनापासून बोललेलं आजवर ऐकलं नव्हतं. शेवट लई भारी." देसाई मॅडमनी लिहिलं, "भाषा किती सोपी!" खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात माझाही होता.

चौगुले आले. कप घेतला. बसले नाहीत.

"शिंदेसाहेब, खरंच ऐकलासा?"

"म्हंजे काय! घरच्यांनाबी ऐकवला."

"समजला?"

"न समजायला काय झालं?"

चौगुल्यांनी एक घोट घेतला. "त्याचं काय झालं, चुकून दुसरीच लिंक गेली माझ्याकडनं. तो सगळा भाग कन्नडमधला हाय."

देसाई मॅडमची 'सोपी भाषा' सगळ्यांच्या मोबाइलवर तशीच चमकत होती. वाटलं, आता चौगुले आमची उभ्या उभ्या सालटी काढणार. काढली असती तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "असू दे. प्रत्येकाला आपली कामं असत्यात की," आणि कप तसाच ठेवून स्टोअरला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंक आली नाही. तिसऱ्याही नाही. हातमोजे मागायला गेलेला माणूस हातमोजे घेऊनच परत यायला लागला. आधी सगळ्यांना बरं वाटलं, मग काही दिवसांनी शिंदेच म्हणाले, "मॅडम, ते ओरडले असते तर परवडलं असतं. आता समोरनं जायलाबी लाज वाटाय लागलीया." चौगुले नुसते "व्हय" आणि "न्हाय" यावर आले होते. ज्या माणसाला गप्प करायला आम्ही एवढे टेकीला आलो होतो, तो गप्प झाल्यावर ऑफिस खायला उठलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कंपनीचा मिठाईचा बॉक्स वाटला, तेव्हा चौगुले रजेवर होते. त्यांचं घर माझ्या वाटेवरच, कदमवाडीला. बॉक्स मीच घेतला. शिंदे म्हणाले, "आमच्याबद्दल काय बोलले तर सांगू नका."

दार चौगुल्यांनीच उघडलं. ऑफिसात इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस, खांद्यावर टॉवेल, हातात पेजेची वाटी. "या की, या मॅडम. बसा." आतल्या कॉटवर उशांना टेकून त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, कस्तुरीवहिनी. मी त्यांना कंपनीच्या स्नेहसंमेलनात बघितलं होतं, चांगल्या बोलक्या बाई. आता ओठ एका बाजूला जरासा ओढलेला, उजवा हात मांडीवर पडलेला.

"गेल्या वर्षी अटॅक आला मेंदूचा," चौगुले म्हणाले. "ऑफिसात कुणाला बोललो न्हाय. सगळी कीव करत बसत्यात. हात येईल हळूहळू म्हणालाय डॉक्टर. पर भाषा गेली."

"बोलत नाहीत?"

"बोलती की! मराठी गेली, बोलायचीबी आन् समजायचीबी. माहेरचं कन्नड तेवढं ऱ्हायलंय. चिक्कोडीकडची हाय ती. लग्न झाल्यापासनं माझ्याशी मराठीत बोलली. माहेरी फोनवर कन्नड बोलायची तेव्हा मला वाटायचं, भांडाय लागलीया. कशाला शिकाय गेलतो मी?"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते एरवीच्या निम्म्या वेगानं सांगितलं. रोज ऐकलेलं रोज संध्याकाळी हिला सांगायचं, अशी सवय होती. ती भाजी निवडत ऐकायची आणि शंका काढायची. हिला सांगितलं की मगच ते आपल्याला समजलं असं वाटायचं. ती ऐकणारी गेली, म्हणून ऑफिसात माणसं धरायला लागले. आणि तिकडं रात्रंदिवस कन्नड पॉडकास्ट ऐकून भाषा शिकायला लागले. मधमाशी त्यातलीच.

मला हसावं की रडावं कळेना. कारण गृहस्थ शिकले होते ते सगळं माहितीपूर्ण. परागीभवनाला कन्नडमध्ये काय म्हणतात ते त्यांना येत होतं, आणि उशी सरळ करू का, हे येत नव्हतं.

"मग सांगता का रोज वहिनींना?"

"सांगत होतो." ते वाटीत बघायला लागले. "त्या मधमाशीच्या दिवसापासनं बंद केलंय. तुम्ही न ऐकताच अंगठे दाखवलासा, तवा कळलं मला. मराठीत सांगून माणसं ऐकत न्हाईत, तर माझं हे पुस्तकी कन्नड हिला काय सुख देणार? बिचारी उठूनबी जाऊ शकत न्हाय. निदान तुम्ही कप उचलून जातासा."

मिठाईचा बॉक्स मी उगाच या हातातून त्या हातात घेत बसले.

तेवढ्यात कॉटवरून आवाज आला. अडखळत, पण चांगला खणखणीत.

"याक सुम्म कुंत्री? हेळ्री."

चौगुले दचकले. हे कुठल्या पॉडकास्टमधलं कन्नड नव्हतं, चिक्कोडीकडच्या खेड्यातलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझी आई निपाणीची, घरात कन्नड कानावर पडलेलं, हे त्यांना माहीत होतं.

"काय म्हणाली? चिडलीया का?"

"चिडल्यात," मी म्हणाले. "गप्प का बसलाय म्हणतात. सांगा म्हणतात."

"काय सांगा?"

"ते मला काय म्हाईत? तुम्ही रोज जे सांगत होतासा ते!"

"नीट विचारा की मॅडम. खरंच तसं म्हणाली?"

मी कन्नडमध्ये विचारलं. वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट खुर्चीत मागं सरले. मग त्यांनी डाव्या हातानं कॉटची कड थोपटली, नवऱ्याला बसायला.

चौगुल्यांनी वाटी खाली ठेवली, टॉवेलनं तोंड पुसलं, डोळेही पुसले. कडेवर बसले आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखे एकेक शब्द जुळवत मधमाशी सांगायला लागले. फुलं सापडली की ती पोळ्यावर येऊन नाचते आणि त्या नाचातून बाकीच्यांना वाट सांगते. निम्म्यात त्यांचे शब्द संपले. ते थांबले, घाबरून बायकोकडं बघत राहिले.

"आम्याल?" वहिनी म्हणाल्या.

म्हणजे, "मग?" पण हे मला सांगावं लागलं नाही. चौगुले पुढं सांगायला लागले होते.