मुराळ्याची फोर बाय फोर

सावद्याच्या हितेंद्रने चैत्रातच जाहीर करून टाकलं होतं, "यंदा आखाजीला ताईला आणायला मी स्वतः जाणार. रस्ता असो, नसो! पूल वाहून जावो! डोंगर आडवा येवो! माझी गाडी थांबणार नाही!"

आता सावद्याहून दोंडाईच्याला सरळ डांबरी रस्ता आहे. वाटेत चोपडा लागतं, शिरपूर लागतं, चहाच्या टपऱ्या लागतात, पण डोंगर काही लागत नाही. आणि ऐन उन्हाळ्यात पूल वाहून न्यायला पाणी आणायचं कुठून? पण हितेंद्रला हे सांगायचं कुणी?

ताई म्हणजे ज्योत्स्ना. हितेंद्रपेक्षा तीन वर्षांनी मोठी आणि रागाला तीस वर्षांनी मोठी! आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. त्यांना आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणायचं. मुराळी दारात आल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही, मग भलेही तिच्या पर्समध्ये बसचा पास असो.

गेल्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशीच हितेंद्रच्या ग्रुपची सातपुड्याच्या पायथ्याशी गाड्या चढवायची शर्यत होती. पठ्ठ्याने ताईला आणायला केळीच्या गाडीवरचा ड्रायव्हर पाठवला! ज्योत्स्नाने ड्रायव्हरला पाणी दिलं, चहा दिला, पोटभर जेवायला वाढलं आणि रिकामा परत पाठवला. सोबत निरोप : "ड्रायव्हरबरोबर केळी पाठवतात, बहीण नाही मागवत."

त्या आखाजीला घरात पुरणपोळी कुणाच्या घशाखाली उतरली नाही. यंदा ताईने फोनवर एवढंच सांगितलं, "तू स्वतः माझ्या दारात आलास तर येईन. नाही आलास तर पुन्हा कधी बोलावू नकोस." ती हे रागाने बोलली असती तर हितेंद्रला भीती वाटली नसती. ती शांतपणे बोलली, म्हणून वाटली.

मग त्याने काय करावं? दोन जोडी कपडे भरावेत आणि निघावं की नाही? नाही! त्याने गाडी नासीरभाईंच्या वर्कशॉपला लावली.

नासीरभाई म्हणजे लोखंडातला देवमाणूस. अर्ध्या तालुक्याच्या केळीच्या ट्रॉल्या त्यांच्या हातच्या. हितेंद्रची कंपनीतून आलेली चारी चाकांनी ओढणारी कोरी फोर बाय फोर त्यांनी चारी बाजूंनी फिरून पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, हिला काय झालंय?"

"काही नाही झालेलं. हिला उंच करायचीय."

"कशाला?"

"ताईला आणायला!"

नासीरभाईंनी गाडीचं छप्पर हाताने मापलं. "ताई लई उंच आहेत का?"

पण गिऱ्हाईकापुढे कारागिराचं काय चालतं! गाडी चार इंच उचलली गेली. मग ट्रॅक्टरला शोभतील असे टायर आले. बोनेटच्या कडेने वर छपरापर्यंत एक काळी नळी चढली, गाडी नदीत बुडाली तरी इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून. पुढच्या बंपरवर विंच बसली. विंच म्हणजे दोर गुंडाळलेला मोटरचा रहाट. फसलं की दोर झाडाला बांधायचा, बटण दाबायचं, गाडी आपली आपण ओढली जाते. शेवटी चढायच्या पायऱ्याही काढल्या, का तर म्हणे त्या दगडाला घासतात!

गाडी घरी आली आणि दाराच्या कमानीत अडकली. मग कमान फोडली. हितेंद्रची आई शेवंताबाई ओट्यावर उभी राहून बघत होती. पोरगं गाडी उंच करतं आणि मग घर तोडतं, हे तिने सत्तर वर्षांत प्रथमच पाहिलं.

"अरे हितेन, चांगली गाडी व्हती ना रे! काय दुखत व्हतं तिले?"

"माय, ही आता कुठेही जाते!"

"कुठीबी जाईन, पण मी तिच्यात जाऊ कशी?"

केळीचं प्लास्टिकचं कॅरेट उपडं ठेवून त्यावर म्हातारीला चढवलं. एक पाय आत गेला, दुसरा कॅरेटवर राहिला आणि मधल्या मधे शेवंताबाईने सगळ्या देवांना हाका मारल्या. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "माह्या लेकीले घेऊन ये म्हंजे झालं. मंग तू हत्तीवर जाय."

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे सहाला स्वारी निघाली. आंब्यांची पेटी मागे, सांजोऱ्यांचा डबा पुढे आणि शेजारी नासीरभाई. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "माझ्या वेल्डिंगचा पहिला लांबचा प्रवास आहे, भाऊ. मला घरी झोप नाही येणार," असं म्हणून ते आपणहून चढले. चढताना त्यांनाही कॅरेट लागलं, ही गोष्ट वेगळी.

चोपड्याला चहाला थांबले. एक शेतकरी गाडीभोवती दोन चकरा मारून, ती काळी नळी नीट न्याहाळून हितेंद्रजवळ आला. "भाऊ, कितला फुटांपर्यंत मारता?"

"काय?"

"बोअर हो! आमच्याकडे पाणी दोनशे फुटांखाली गेलंय."

हितेंद्र चहा अर्धा टाकून उठला. नासीरभाईंनी मात्र शांतपणे स्वतःचा संपवला आणि मग त्याचाही संपवला.

शिरपूर गेलं, तापी ओलांडली, तरी रस्ता आपला गुळगुळीत! एक खड्डा नाही, एक धोंडा नाही. हितेंद्रचा जीव कासावीस झाला. एवढे टायर, एवढी उंची, आणि दारात जाऊन ताईला काय सांगायचं? डांबरावरून आलो? दोंडाईचा बारा किलोमीटर राहिलं आणि उजव्या हाताला एक नाला दिसला. रुंद, कोरडा, उन्हाने भेगाळलेला. पलीकडे पायवाट.

"नासीरभाई, शॉर्टकट!"

"भाऊ, रस्ता इकडे आहे."

"रस्त्याने तर कुणीही जातं!"

गाडी नाल्यात उतरली. पहिली दहा पावलं अशी झकास गेली की हितेंद्रने हॉर्न वाजवला. अकराव्या पावलाला वरचा पापुद्रा फुटला. वर भेगा होत्या, खाली बंधाऱ्याचा मुरलेला काळा गाळ होता! हितेंद्रने रेस दिली, गाडी खाली गेली. आणखी दिली, आणखी खाली गेली. चार इंच उचललेली गाडी दोन मिनिटांत एक फूट खाली आली.

तेवढ्यात फोन वाजला. ताई!

"कुठे आहेस?"

"पोचलोच! दहा मिनिटं!"

"बरं. मी दारातच उभी आहे. शेजारणींना सांगितलंय माझा भाऊ येतोय म्हणून."

हितेंद्रने फोन खिशात कोंबला. तो गाडीतून खाली उडी मारायला गेला, पण उडी मारायची गरजच उरली नव्हती, जमीन दाराशीच आली होती. "घाबरायचं काम नाही! विंच कशासाठी आहे?"

विंचला झाड हवं. एक बाभूळ होती, पण लांब. दोर पुरेना. काठावर मात्र कुणाची तरी केळीची बाग होती, हिरवीगार, घड लागलेली. हितेंद्रचे डोळे चमकले. सात-आठ केळींभोवती दोर फिरवून त्याने हूक अडकवला.

"भाऊ," नासीरभाई चाचरत म्हणाले, "केळीला?"

"नासीरभाई, तुम्ही लोखंड बघा! केळी मला शिकवू नका! चार पिढ्या केळीत गेल्यात आमच्या!"

आणि बटण दाबलं.

विंच उत्तम चालली, हे नासीरभाई आजही शपथेवर सांगतात. दोर ताणला, मोटर गुरगुरली. गाडी इंचभर हलली नाही. आठ केळी मात्र घडांसकट, मुळांसकट, एकमेकींना धरून काठावरून घसरत आल्या आणि बोनेटला टेकून थांबल्या.

चार पिढ्या! ज्या माणसाच्या बापाने त्याला रांगता असताना सांगितलं होतं की केळ म्हणजे लाकूड नाही, नुसती सोपटांची गुंडाळी आहे, त्या माणसाने केळीला दोर बांधला! हितेंद्र त्या घडांकडे बघत राहिला. त्याला रडावं की घड मोजावेत ते कळेना.

आवाज ऐकून बागेचा मालक धावत आला. वना नाव त्याचं. हातात पत्त्यांचा पंखा तसाच. त्याने केळी पाहिल्या, दोर पाहिला, गाडी पाहिली.

"हाई काय करं रे भाऊ! कोठला शेतस तुम्ही?"

हितेंद्र पुटपुटला, "सावदा."

सावदा म्हणजे केळीचं माहेरघर! वनाचा राग जागीच विरला. त्याची जागा आश्चर्याने घेतली. "सावदाना माणूस? अन केळले दोर?" असं म्हणून तो बांधावर बसून जो हसायला लागला, तो त्याच्या हातातला एक्का गळून पडला तरी थांबेना.

"दादा, चुकलं. मी सावद्याहून रोपं आणून माझ्या हातांनी लावून देईन. पण आधी एक ट्रॅक्टर द्या हो! बहीण दारात उभी आहे!"

ट्रॅक्टर होता, पण तो चालवणारा निंबाखाली पत्ते खेळत होता. आखाजीचे पत्ते! वर्षभर ज्या माणसाला बायको पत्त्याला हात लावू देत नाही, तो या दोन दिवसांत उठत नाही. "बठ्ठा पत्ता खेळी ऱ्हायनात," वना म्हणाला. "डाव सरस नही तोपावत कोनी उठाव नही."

"डाव केव्हा संपेल?"

"काल सुरू व्हयना."

फोन पुन्हा वाजला. "कुठे आहेस?" "वळणावर!" अर्ध्या तासाने तिसऱ्यांदा वाजला. हितेंद्र तो उचलायला धजेना. वनाने फोन हातातून काढून घेतला आणि नाल्याच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असा ओरडला, "अक्का, तुमना भाऊ नालामा बशेल शे!"

पलीकडून एकच प्रश्न आला, कोणत्या नाल्यात. वनाने सांगितलं. फोन बंद झाला.

"गेली," हितेंद्र चिखलातच बसला. "यंदाही गेली! आता ती कधी येणार नाही. मायला काय तोंड दाखवू?" आणि खरोखरच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नासीरभाईंनी त्याच्या हातात एक सांजोरी ठेवली. दुसरं काय करणार!

वीस-पंचवीस मिनिटांत काठावर एक स्कूटी येऊन थांबली. नवीकोरी पैठणी, अंबाड्यात गजरा आणि डोक्यावर हेल्मेट. ज्योत्स्ना! माहेरी जायला म्हणून सकाळपासून तयार होऊन बसलेली. ती गाडीकडे बघेना, केळींकडे बघेना. गुडघ्यापर्यंत गाळ माखलेल्या शंभर किलोच्या भावाकडे बघत राहिली.

"ताई, मी येतच होतो गं! देवाशपथ! तुझ्यासाठीच गाडी—"

"गाडी कुणी मागितली होती तुला?" तिचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "हित्या, गेल्या वर्षी दारात ड्रायव्हर दिसला ना, तेव्हा त्याला जेवू घालून मी आत जाऊन रडले होते. तू पायी आला असतास तरी चाललं असतं रे मला! बस मागे."

"हं?"

"बस मागे म्हणते ना!"

नासीरभाई गाडीपाशीच थांबले आणि मुराळी आंब्यांची पेटी मांडीवर घेऊन स्कूटीवर मागे बसला. स्कूटीचं मागचं चाक जे दबलं ते दोंडाईच्यापर्यंत वर आलं नाही. गल्लीत शेजारणी खरंच दारोदार उभ्या होत्या. कुणी हसलं नाही, सगळ्यांनी पदर तोंडाला लावले, आणि ते जास्त वाईट होतं.

दारात ज्योत्स्नाचे सासरे पितांबर नाना खुर्ची टाकून बसले होते. हितेंद्र वाकून पाया पडला. नानांच्या धोतराला गाळ लागला.

"नाना," ज्योत्स्ना म्हणाली, "तुम्हीच सांगा. हा मला न्यायला आला, का मी याला आणलं? मुराळी मोजायचा का नाही?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मुराळी दारमा ऊना का नही?"

"ऊना," म्हणत शेजारणींनी तो आल्याची एका सुरात साक्ष दिली.

"मंग व्हयनं! कसा ऊना, कोनी लयना, हाई रीतमा कोठे लिखेल शे?"

ज्योत्स्ना हसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि भावाला एक धपाटा घातला. हितेंद्रला आंघोळ घातली गेली, नानांचा सदरा अंगात कोंबला गेला आणि दोनच्या बसने भाऊ-बहीण सावद्याला निघाले. बसमध्ये ताईने खिडकी घेतली आणि शिरपूर यायच्या आत ती त्याच्या खांद्यावर झोपली. हितेंद्रने चोपड्यापर्यंत खांदा हलवला नाही. मुंग्या आल्या तरी नाही.

नासीरभाई दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी घेऊन आले. डाव अखेर सकाळी संपला होता. गाडी दारात लावून ते खाली उतरले. खरं तर पडले.

"नासीरभाई, हिला खाली करा."

"किती खाली, भाऊ?"

"मायला आणि ताईला चढता येईल इतकी."

परसात निंबाला झोका बांधलेला होता आणि गल्लीतल्या सगळ्या लेकी गाणं म्हणत होत्या. दरवर्षीच्या गाण्यात मुराळी घोड्यावरून येतो. यंदा रात्रीतून कुणीतरी नवं कडवं जोडलं होतं :

"मुराळी निघाला आनाले, वाटेत बसला नाल्याले,
बहीण निघाली सासरहून, मुराळ्याले न्याले!"

सगळ्यांत मोठा आवाज शेवंताबाईचा होता.

हे झाल्याला वर्ष होत आलं. वनाच्या बांधावरच्या आठ केळी हितेंद्रने स्वतः लावल्या, त्यांनी जीव धरलाय. गाडी खाली आलीय, पायऱ्या परत बसल्यात. परवा आखाजी आठवड्यावर आली म्हणून त्याने हौसेने ताईला फोन लावला. घसा साफ करून म्हणाला, "ताई, तयारी झाली का?"

"माझी झालीय," ज्योत्स्ना म्हणाली. "स्कूटीत पेट्रोल भरून ठेवलंय. कुठल्या नाल्यावर यायचं, तेवढं आधी कळव."