धोंड्याच्या रविवारची तोंडी परीक्षा

तोंडी परीक्षा सासुरवाडीत बसून द्यायची, असं शिवराजने ठरवलं. एवढंच. घरातली खुर्ची या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवतानासुद्धा माणूस यापेक्षा जास्त विचार करतो.

शिवराज वाळूजच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून. गेली दोन वर्षं तो दूरशिक्षणातून कामगार कायद्याचा पदव्युत्तर डिप्लोमा करत होता. पुस्तकं पोस्टाने यायची, तास सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर व्हायचे आणि अभ्यासही अधूनमधून व्हायचा. मध्येच सरकारने जुने कायदे गुंडाळून नव्या संहिता आणल्या, तेव्हा त्याने दिवसभर सुतक पाळलं होतं. (जुने कायदे त्याला नुकतेच पाठ व्हायला लागले होते.) पास झाला तर एचआरमध्ये ऑफिसरची जागा मिळण्याची शक्यता होती. पण खरं सांगायचं तर त्याला त्या जागेपेक्षा सासऱ्यांचा मान जास्त हवा होता. हर्सूलचे आप्पासाहेब चारचौघांत त्याची ओळख करून देत, "आमचे पाव्हणं. कंपनीत लोकांच्या हजेऱ्या घेतेत." हे ऐकलं की शिवराजला जमिनीत जावंसं वाटे.

त्यात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, दिवा लावलेलं ताट त्याच्या हातात द्यायचं. दर तीन वर्षांनी जावयाला एक दिवसापुरता देव केलं जातं. आप्पासाहेबांनी रविवार धरला आणि विद्यापीठानेही नेमका तोच रविवार धरला.

"आप्पांना पुढचा रविवार सांगते," मोनिका, म्हणजे त्याची बायको, म्हणाली.

"कशाला? परीक्षा ऑनलाइन आहे. दहा मिनिटांचं काम. तिथंच देतो."

"तिथं गडबड असते. माडीवर बसा मग."

"माडीवर रेंज नसते," शिवराज म्हणाला. (रेंज माडीवरच चांगली होती. पण माडीवर सासरे कुठून बघणार?)

रविवारी सकाळी त्याने सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत, थेट स्वयंपाकघराच्या दारासमोर मोबाइल उभा केला. टेकू म्हणून पितळी तांब्या. सासूबाई साळूबाई पहाटेपासून पुरणात होत्या. पाट मांडलेला, रांगोळी घातलेली, केळीचं पान धुऊन ठेवलेलं.

"पाव्हणं, बसायचं का?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"पाच मिनिटं, मामा. परीक्षा तेवढी उरकतो. प्रोफेसर लोक लाइनवर आहेत."

'प्रोफेसर लोक' म्हटल्यावर आप्पासाहेबांनी डोक्यावरची टोपी नीट केली. शिवराजच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मोबाइलवर मात्र 'कृपया थांबा' एवढंच लिहून आलं होतं. त्याच्या आधी बरीच मुलं होती आणि परीक्षक प्रत्येकाला पिळून काढत असावेत. अर्धा तास गेला. तास गेला. साळूबाईंनी दोनदा डोकावून पाहिलं. दर वेळी शिवराज पंजा दाखवायचा. पाच मिनिटं! तळलेले धोंडे झाकून ठेवले, उघडले, पुन्हा गरम केले, पुन्हा झाकले. शेजारची आजी येऊन बघून गेली, जेवून झोपली, उठून पुन्हा बघायला आली.

"अहो, निदान एक घास खाऊन घ्या," मोनिका हळूच म्हणाली.

"पुरण खाल्लं की झोप येते. परीक्षेत जांभई दिली तर?"

"मग आप्पांना तरी सांगा जेवायला. त्यांनी सकाळची शुगरची गोळी घेतलीय. तुम्ही पानावर बसल्याशिवाय ते बसणार नाहीत. आईचं तर बोलायलाच नको."

"आता एवढं झालंच आहे, तर पाचच मिनिटं," शिवराज म्हणाला. त्याला तेव्हा खरंच वाटत होतं की भूक फक्त त्यालाच लागली आहे.

उन्हं कलली आणि मोबाइलवर एक बाई उमटल्या. चष्मा, पांढरे केस, थकलेला चेहरा. शिवराज ताठ बसला. आप्पासाहेब दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. त्यांच्या मागे साळूबाई, हातात पंखा घेऊन. (लाइट गेली तर जावयाला घाम येऊ नये म्हणून.)

"कामाचे तास आणि विश्रांती याबद्दल सांगा," मॅडम म्हणाल्या.

हा प्रश्न त्याला झोपेतही आला असता. त्याने आवाज चढवला. हातवारे केले. "मॅडम, कामगार हा यंत्र नाही! सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. मध्ये विश्रांती द्यायलाच हवी. उपाशीपोटी काम करवून घेणं हे केवळ कायद्याच्याच दृष्टीने नव्हे, तर माणुसकीच्या दृष्टीनेसुद्धा..."

बोलता बोलता त्याची नजर मोबाइलमधल्या स्वतःच्या छोट्या चौकटीवर गेली. मागे आप्पासाहेबांचा चौकटीवरचा हात थरथरत होता. कपाळावर घाम होता. शिवराजने ते पाहिलं. नीट पाहिलं. आणि वाक्य पूर्ण केलं. वर आणखी एक वाक्य जोडलं. त्या एका वाक्याची लाज त्याला आजही झोपू देत नाही.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या मागे कोण आहेत?"

"सासरे, मॅडम. आणि सासूबाई."

"जेवलेत का ते?"

शिवराजने मागे वळून पाहिलं. साळूबाई घाईने पुढे आल्या. "व्हय मॅडम! आमचं कवाच झालं. तुम्ही इचारा त्यास्नी, लई अभ्यास केलाय."

पण आप्पासाहेबांना खोटं बोलण्याइतकीही ताकद उरली नव्हती. "नाय वो," ते म्हणाले, "पाव्हण्यांचं झाल्याबिगर कसं..." आणि भिंतीला घासत खाली बसले.

शिवराज उठला तो तांब्यासकट. मोबाइल पालथा पडला. त्याने पाटासमोरच्या पानावरचा, देवाला दाखवून जावयासाठी राखलेला पहिला धोंडा उचलला आणि सासऱ्यांच्या तोंडाशी धरला.

"पाव्हणं, त्यो तुमचा मान हाय..." आप्पासाहेब पुटपुटले.

"खा, मामा! माझ्या गळ्याची आण!" शिवराज रडकुंडीला येऊन म्हणाला. मोनिका साखरेचं पाणी घेऊन धावली. साळूबाई पंखा हलवत होत्या आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होत्या.

थोड्या वेळाने आप्पासाहेबांच्या चेहऱ्यावर रंग परतला. तोवर पालथ्या मोबाइलमधून एक आवाज सारखा येत होता. शिवराजने मोबाइल उचलून सरळ केला.

"बरे आहेत का ते?" मॅडम विचारत होत्या.

"हो, मॅडम."

"मग पुढचा प्रश्न विचारत नाही. आधी त्यांना वाढा. तुम्ही स्वतः. आणि तुम्ही सगळ्यांत शेवटी जेवा."

त्या दिवशी हर्सूलमध्ये जावयाने वाढलं आणि सासू-सासरे जेवले. साळूबाई लाजेने मान वर करत नव्हत्या. शिवराजची मान तर आधीच खाली होती. दारात शेजारची आजी होतीच, त्यामुळे गावाला वेगळं सांगावं लागलं नाही. दिवा लावलेलं ताट हातात घेताना त्याला ते तापलेल्या तव्यासारखं वाटलं.

यथावकाश निकाल लागला. शिवराज काठावर पास झाला. ऑफिसरची जागाही मिळाली. दिवाळीला तो नवा शर्ट घालून, नव्या पदासह हर्सूलला गेला. आता तरी आप्पासाहेब चारचौघांत काय म्हणतात, हे त्याला ऐकायचं होतं. वाटेत ट्रॅफिक लागलं, थोडा उशीर झाला.

घरात शिरला तर आप्पासाहेब हात धुऊन सुपारी कातरत होते. साळूबाई उष्टी ताटं उचलत होत्या. शेजारच्या आजीचंही आटोपलेलं होतं.

"या, या, पाव्हणं," आप्पासाहेब तृप्त ढेकर देत म्हणाले. मग आजीकडे वळून अभिमानाने सांगू लागले, "हेच आमचे पाव्हणं. लई शिकलेले. ह्यांच्यासाठी जेवायचं थांबावं लागत नाय. तसा कायदाच हाय."

साळूबाईंनी त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट पुढे केलं. करंजी आजीने संपवली होती.